तुमच्या शाळूत आकाशातून उतरणाऱ्यांबद्दल: वाई, जावळी, कोरेगावच्या शेतकऱ्यांना खुलं पत्र

रामराम मंडळी,

दिवाळी झाली की तुमच्या डोक्यावर रंगीत कापडं फिरायला लागतात आणि मग त्यातलं एखादं दुपारी दोन-अडीचला तुमच्या रानात येऊन पडतं, तुम्ही हातातलं काम टाकून पळत येता, कुणीतरी ओरडतं "इमान पडलं, इमान पडलं", तोवर त्या कापडाखालून हेल्मेटवाला एक माणूस उठतो, वॉकीटॉकीवर इंग्लिशमध्ये काहीतरी बडबडतो, भराभर बॅग भरतो आणि "हायवे कुठल्या बाजूला?" विचारून चालायला लागतो. तो कोण, कुठून आला, एवढी रानं सोडून तुमच्याच शाळूत का उतरला, हे कुणी तुम्हाला सांगत बसत नाही. मी त्याच जमातीतला, पाचगणीच्या धारेवरून पॅराग्लायडिंग करणारा, स्पर्धांना जाणारा. आणि आज हे लिहितोय कारण माझं स्पष्ट मत झालंय की तो माणूस तुमच्या पिकात उतरतो यात नशिबाचा भाग थोडा आणि आमच्या खेळाच्या मार्कांचा भाग जास्त आहे, त्यामुळं त्याचा हिशोब खेळानंच चुकवला पाहिजे आणि तो तुम्ही मागून घेतला पाहिजे.

आधी एक घोळ मिटवू. पर्यटकांना पैसे घेऊन पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणतात ती टँडम राइड, त्यात पायलटच्या पुढ्यात गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि ते ठरलेल्या जागी उतरतात. तो धंदा आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पाठीला पंखा बांधून घरघर करत जातो तो पॅरामोटर, तोही आमच्यातला नाही. मी बोलतोय ते क्रॉस-कंट्रीबद्दल, आम्ही एक्ससी म्हणतो. माणूस एकटा, इंजिन नाही, पेट्रोल नाही, डोंगराच्या कडेवरून पळत निघायचं आणि उन्हाच्या जोरावर जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. गंमत वाटेल पण २०१९ ला ब्राझीलमध्ये तिघं जण सोबत उडत ५८० किलोमीटरच्या पुढं गेले आणि २०२१ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये एका पठ्ठ्यानं ६०० पार केले, एका दिवसात. म्हणजे वाईवरून सकाळी उडाला तर संध्याकाळी वर्ध्याच्या पुढं. आपल्याकडं एवढं होत नाही, आपल्याकडं वैराटगड ओलांडून हायवेच्या पलीकडं गेलो तरी पोरं स्टेटस टाकतात.

आता इंजिन नसताना हे होतं कसं, तर खरं सांगायचं तर तुमच्या रानांमुळं होतं. ऊन चढलं की नांगरून टाकलेली काळी जमीन, मोकळा कातळ, माळ, खडी क्रशर, गावातली पत्र्याची छपरं ही लवकर तापतात आणि तिथली हवा सुटून वर जाते, तो थर्मल. घारी त्यातच पंख न हलवता गोल गोल चढत असतात, आम्ही पण तेच करतो आणि चढणारी घार दिसली की आधी तिच्याकडं पळतो, कारण तिला आमच्या यंत्रापेक्षा जास्त कळतं. थर्मलच्या टोकाला ढग धरतो, तिथपर्यंत चढायचं, मग सरळ पुढचा थर्मल गाठायला निघायचं, त्यात उंची जाते, परत चढायचं, असं दिवसभर. उलट पाणी दिलेला ऊस, कॅनॉलचा पट्टा, धोम धरणाचं पाणी, यांच्यावर गेलो की काही मिळत नाही, नुसतं खाली. त्यामुळं वरून मी तुमच्या गावाकडं बघतो तेव्हा कुणी नांगरट केलीय, कुणाची तोड झालीय, कुणाचं भिजवणं चाललंय हेच बघत असतो. कुणी पाचट पेटवलं तर दोन कामं होतात, धुरावरून वारा कळतो आणि कधीकधी तिथूनच मोठा थर्मल सुटतो (जाळू नका असं कृषीवाले सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे, जमिनीचं वाटोळं होतं, मी फक्त आमच्या कामाचं सांगतोय). गळीत हंगामात भुईंजच्या कारखान्याची चिमणी चालू असली की लांबून समजतं खाली वारा कुठला आणि किती, त्यावरून उतरायचं कसं ते ठरतं. अंगावर व्हॅरिओ नावाचं यंत्र असतं, चढायला लागलं की टीं टीं टीं करतं, पडायला लागलं की रडका सूर लावतं. तुम्हाला खालून कधी आकाशात बारीक शिट्टी ऐकू आली असेल तर ती हीच.

आता स्पर्धेकडं येतो. लोकांना वाटतं कोण सगळ्यात उंच किंवा कोण बरोब्बर ठिपक्यावर उतरतो. ठिपक्यावर उतरायची स्पर्धा वेगळी, तिला अ‍ॅक्युरसी म्हणतात. एक्ससीची स्पर्धा म्हणजे सरळसरळ रेस. सकाळी टेकऑफवर, म्हणजे जिथून उडतो तिथं, बोर्डावर टास्क म्हणजे त्या दिवसाची वाट लिहितात, नकाशावर काही ठिकाणांभोवती वर्तुळं आखलेली असतात, त्यांना क्रमानं शिवत शिवत गोलला, म्हणजे शेवटच्या ठिकाणी, पोचायचं. समजा पाचगणीची धार, मग वैराटगड, मग हायवे ओलांडून चंदन-वंदनचे किल्ले, आणि गोल कोरेगावच्या बाजूला कुठंतरी. जीपीएसमध्ये अख्खी वाट रेकॉर्ड होते, त्यामुळं थापा चालत नाहीत. स्टार्टची वेळ ठरलेली असते आणि त्याच्या आधी सगळेच्या सगळे एकाच थर्मलमध्ये एकमेकांच्या खाली-वर फिरत उंची धरून बसतात, पहिला जो आत शिरला तो ज्या बाजूनं फिरतो त्याच बाजूनं बाकीच्यांनी फिरायचं, इथं चुकीला माफी नाही, कारण हवेत दोघं धडकले तर पाठीशी फक्त इमर्जन्सी पॅराशूट असतं आणि ते उघडायला पण खाली उंची लागते. घड्याळात वेळ झाली की सगळे एकदम सुटतात. हिमाचलमध्ये बीर-बिलिंगला २०१५ ला आणि परत २०२४ ला वर्ल्ड कप झाला तो असाच, धौलाधारच्या भिंतीला लागून. तिथं डोंगर मोठे आहेत, आपल्याकडं खाली सगळं पीक आहे, आणि माझ्या मते एक्ससीच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे आणि आपल्याकडचे आयोजक तो धरतच नाहीत.

मुद्दा असा. दिवसाला जास्तीत जास्त १००० मार्क असतात. लवकर पोचलेल्याला वेळेचे, पुढं राहून वाट काढणाऱ्याला त्याचे, आणि अंतराचे सगळ्यांना. जो गोलला पोचला नाही त्याला टास्कच्या वाटेवर तो जिथपर्यंत पोचला तिथपर्यंतचे मार्क मिळतात, आणि इथं शंभर-शंभर मीटरनं नंबर खाली-वर होतो. आता तुम्ही माझ्या जागी बसा. जमिनीपासून दीडशे मीटरवर आहात, व्हॅरिओ रडतोय, खाली छानपैकी पडीक रान आहे, वारा दिसतोय, तारा नाहीत, उतरायला फर्स्ट क्लास. पण स्पर्धेतला पंख, म्हणजे तेच रंगीत कापड, एक मीटर खाली येता येता साधारण दहा मीटर पुढं जातो. म्हणजे शंभर मीटर उंची हातात असेल तर अजून एक किलोमीटर खिशात आहे. आणि पुढच्या गावाच्या पत्र्यांवर एखादा थर्मल मिळेलच अशी एक आशा असते, ती काही सुटत नाही. मग तो पडीक सोडतो. पुढं थर्मल मिळत नाही, आणि पडीक पण मिळत नाही, पुढं तुमचा कमरेइतका शाळू उभा असतो, नाहीतर हरभरा, नाहीतर भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि आता उंची संपलेली असते. एवढंच आहे. तुमचं पीक आडवं झालं ते त्या एका किलोमीटरच्या मार्कांसाठी.

नुकसान किती होतं यावर आमच्यात आणि तुमच्यात कायम वाद. पायलट म्हणतो मी दोन पावलं टाकली. खरंय, पण त्याचा पंख बारा मीटर लांब असतो, तो कापड म्हणून कणसांवर पडतो आणि तो गोळा करताना दोऱ्यांबरोबर ताटं उपटून येतात. स्ट्रॉबेरीत तर मल्चिंग पेपर फाटला, ड्रिपची नळी पायाखाली सापडली की संपलं, तिथं एका वाफ्याचे पैसे किती लागलेत हे शहरातून आलेल्याला माहीतच नसतं. उसात उतरणं आमच्यासाठी पण सगळ्यात वाईट. वरून हिरवीगार गादी वाटते, आत गेलं की डोक्याच्या वर ऊस, पात्यांनी हात-तोंड कापतं, दोऱ्या अशा गुंततात की निम्मा दिवस जातो, बाहेरून माणूस दिसत नाही आणि बिबट्याची भीती तुम्हाला वाटते तशी आम्हाला पण वाटते. पण खरं सांगू का, जास्त तुडवातुडवी पायलट करत नाही, बघायला पळत आलेलं गाव करतं. चाळीस माणसं, त्यात निम्मी पोरं, सगळी बांध सोडून सरळ पिकातून. रानाचा मालक बिचारा लांबून शिव्या देत येतो आणि शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या हेच त्याला कळत नाही.

म्हणून आधी त्या पोरांबद्दल. कुणी उतरलं की एकदोन मोठ्या माणसांनी पुढं यायचं, बाकीच्यांनी बांधावर थांबायचं. पंखाच्या दोऱ्या मिलिमीटरभर जाडीच्या असतात, पण वाऱ्यात कापड परत फुगलं आणि दोरी कुणाच्या बोटाला अडकली तर बोट कापतं, गंमत नाही. कापडावर चप्पल घालून उभं राहू नका, चार-पाच लाखाची वस्तू आहे आणि कुसळ-काट्यानं भोक पडतं. मदत करायचीच असेल तर पायलटला विचारा, तो बहुतेक म्हणेल "त्या टोकाला धरा", तेवढं धरा. बैल जवळ बांधलेले असतील तर आधी त्यांना लांब न्या, फडफडणारं कापड बघून बुजतात. आणि हो, तो परग्रहावरचा नाही की हेर नाही, पोलीस पाटलांना कळवायचं असेल तर जरूर कळवा, आयोजकांचा नंबर त्याच्याकडून घ्या, पण त्याला बसवून ठेवू नका.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. उतरल्यावर पायलट लगेच पंखाचा बोळा करतो, ते घाईनं नाही. वरून जाणाऱ्या बाकीच्यांना तो इशारा असतो की मी ठीक आहे. कापड तसंच पसरलेलं राहिलं तर वरचे समजतात याला मदत पाहिजे, मग कुणी आपली रेस सोडून त्याच्यावर घिरट्या घालतं आणि रेडिओवर ठिकाण सांगतं. म्हणून पोरांनी हौसेनं "बघू बघू" करत कापड पुन्हा पसरवलं की वर उगाच धावपळ उडते. आणि उलट, पायलट निपचित पडला असेल आणि तुम्ही चांगल्या मनानं कापड गुंडाळून बाजूला ठेवलंत, तर वरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे आणि ते निघून जातात. असं झालं तर कापड पसरलेलंच राहू द्या, वारा असेल तर कडांवर ढेकळं ठेवा, १०८ ला फोन करा, हेल्मेट काढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. आपल्याकडं पडलेल्या माणसाला आधी बगलेत हात घालून उभं करतात आणि तोंडावर पाणी मारतात, प्रेमानं करतात, पण इथं ते करू नका.

तारांचं वेगळं सांगतो. कुणी विजेच्या तारांत किंवा खांबावर अडकलेला दिसला तर पहिला फोन वायरमनला, डीपी बंद करून घ्या, आणि वायरमन स्वतः तोंडानं "बंद आहे" म्हणेपर्यंत कुणीही, अगदी त्याचा सख्खा भाऊ असला तरी, कापडाला, दोरीला, त्या माणसाला हात लावायचा नाही. बांबूनं ढोसायचं नाही. लोडशेडिंग चालू आहे म्हणून लाइन गेलेलीच असणार असं धरून चालू नका, तुमच्याकडं लाइट कधी येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि फोन. स्पर्धेत उतरल्यावर ठरलेल्या वेळात "मी उतरलो, ठीक आहे" असा रिपोर्ट करावाच लागतो, नाहीतर शोधाशोध सुरू होते. लाइव्ह ट्रॅकर असतो पण तोही मोबाइलच्या रेंजवरच चालतो आणि तुमच्या काही खोऱ्यांत रेंज म्हणजे देवाची कृपा. म्हणून एखादा पायलट तुमच्याकडं दोन मिनिटं फोन मागतो तेव्हा तो गाडी बोलवायला मागत नसतो, दहा माणसं अंधारात डोंगर पालथा घालायला निघू नयेत म्हणून मागत असतो. मला आजवर फोन नाही म्हणणारा शेतकरी भेटलेला नाही. चहा नको म्हटलं तरी पाजणारे मात्र बरेच भेटलेत. पुढं वीस किलोची बॅग घेऊन एसटीत चढल्यावर कंडक्टर जे बघतो ते सोडून द्या, तो वेगळा विषय आहे.

आता हिशोब. मला वाटतं नुकसानीचे पैसे पायलटच्या मर्जीवर सोडणं चुकीचं आहे. काही जण पाचशेची नोट काढतात, काही जण हात जोडतात, काही जण चक्क पळतात, मी पळताना बघितलेत आणि मला लाज वाटली. आमच्यातले काही म्हणतात पिकात उतरला की मार्क कापा. ऐकायला बरं वाटतं, पण मी याच्या विरुद्ध आहे. मार्क जातील या भीतीनं तो उरलेल्या वीस मीटर उंचीवर पीक चुकवायला वळेल आणि जाऊन तारांत नाहीतर विहिरीत पडेल. एकदा खाली आला की त्याला जिथं जीव वाचेल तिथं उतरू द्या, पीक असलं तरी. त्याऐवजी प्रत्येक स्पर्धकाकडून एन्ट्री फीबरोबर डिपॉझिट घ्या, नुकसान झालं की आयोजकानं त्यातून त्याच दिवशी शेतकऱ्याला द्यायचे, तलाठ्याकडं नाहीतर सरपंचाकडं बसून आकडा ठरवायचा, आणि टास्क लावणाऱ्यानं मार्च-एप्रिलमध्ये रानं मोकळी झाल्यावर ओलिताच्या पट्ट्यावरून न्यावं, शाळू उभा असताना नाही. टास्क ठरवणारी कमिटी ढग बघते, वारा बघते, पुण्याच्या बाजूला गेलं तर एअरफोर्सची हद्द लागते म्हणून ती बघते, मग खाली उभं पीक बघायला काय हरकत आहे?

त्यामुळं पुढच्या वेळी कुणी स्पर्धेची परवानगी मागायला किंवा नुसतं "सहकार्य करा" म्हणायला ग्रामपंचायतीत आलं तर हार-तुरे नंतर. आधी विचारा, नुकसानीचे पैसे कोण देणार आणि कधी. आयोजकाचा चालू नंबर फळ्यावर लिहून घ्या, म्हणजे दुपारी दोनला उचलणारा. अ‍ॅम्ब्युलन्स कुठं उभी असणार ते विचारा. आणि गावातल्या दोन पोरांना टेकऑफवर एक दिवस पाठवा म्हणावं, त्यांना हे सगळं डोळ्यांनी बघू दे, तीच पोरं मग बांधावर गर्दी आवरतील.

आणि एक आमच्याकडून मागणं आहे. तुमच्या शिवारातले पडीक तुकडे, गायरान, तोड झालेली रानं, जिथं तारा नाहीत आणि गाडीरस्ता जवळ आहे, ती आम्हाला दाखवा. मोबाइलवर लोकेशन पाठवलं तरी चालेल. आम्ही ती सगळ्या पायलटांच्या जीपीएसमध्ये टाकू, म्हणजे उंची संपत आलेल्या माणसाला खाली बघून अंदाज बांधत बसायला नको, यंत्रच सांगेल की उजवीकडं आठशे मीटरवर उतरायची जागा आहे. ऊस तुटला, नांगरट झाली, परत लागण झाली तर दर हंगामाला ही यादी बदलेल, ते काम आमचं, फक्त माहिती तुमची. स्पर्धेच्या आठवडाभर आधी मिळाली तरी पुरे.

तुमचा,
पाचगणीच्या धारेवरून उडणारा एक स्पर्धक